दाराआडची काठी

पुणे

तीर्थरूप आप्पा,

इथूनच तुमच्या पाया पडते. खोली, जेवण बरं आहे, काळजी करू नका. परीक्षेसाठी भरभर वाचायचा क्लास लावलाय. बोट ओळीवरून सरसर फिरवायचं, ओठ हलवायचे नाहीत.

वाचलेलं ध्यानात राहावं म्हणून आज सर म्हणाले, डोळे मिटून आपल्या घरात शिरा आणि एकेका वस्तूवर एकेक मुद्दा ठेवत चला. मी येडशीच्या घरात शिरले. पहिला मुद्दा उंबऱ्यावर ठेवला. दुसरा ठेवायला दाराआड बघितलं, तर तिथं काठी उभी!

आप्पा, मी भर क्लासात डोळे उघडले. दिवाळीला आले तेव्हा ती काठी मी बघितली होती आणि विचारलंसुद्धा नाही! श्रावणात तर रामलिंगाच्या पायऱ्या तुम्ही माझ्याआधी चढला होतात.

फोनवर तुम्ही "लई बरा हाय" म्हणता आणि लगेच फोन अव्वाच्या हातात देता, म्हणून लिहितेय. गुडघा आहे, का दुसरंच काही? अव्वाला तरी माहीत आहे का?

सापासाठी ठेवलीय म्हणून सांगू नका. तिचं खालचं टोक झिजलेलं होतं. तेही आता दिसतंय मला.

तुमची,
शिवप्रिया