जत्रेच्या दिवशीचा पट

३ एप्रिल, गुरुवार
परिपत्रक आलं! कमी पटाच्या शाळा 'बंद' होणार नाहीत — त्यांचं 'समायोजन' होणार. म्हणजे मांजर मारायचं नाही, पोत्यात घालून नदीपलीकडं सोडायचं! गुणवत्तेसाठी म्हणे. माझ्या अकरा पोरांची गुणवत्ता इथं डोंगरावर गुदमरतेय, ती खाली मेढ्याच्या बाजूला मोठ्या शाळेत गेली की मोकळा श्वास घेणार.

दुसरीतली सोनिया आत्ता कुठं जोडाक्षरं वाचायला लागलीय. तिची आजी राहीबाई स्पष्टच म्हणाली, "तितं लांब धाडायची आसंल तर ऱ्हाऊ दे घरात. शेरडं तरी राखंल." शाळा गेली की ही पोरगी गेली. मला त्याचीच धास्ती आहे.

८ एप्रिल, मंगळवार
देवळामागच्या टेकाडावर चढून शाळेच्या माहितीचं सरकारी ॲप भरलं, खाली रेंज नाही. 'नळाला पाणी आहे का?' — 'नाही' दाबलं की ॲप पुढं सरकतच नाही. शेवटी 'आहे' दाबलं. राज्यातल्या सगळ्या शाळांना आता पाणी आलं असणार!

९ एप्रिल, बुधवार
ग्रामसभा. विषय — शाळा वाचवा. भाऊसो, म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, टेबल बडवून बोलले, "ही आमच्या वाडवडलांची शाळा हाय! जीव गेला तरी हलू देणार न्हाई!" टाळ्या. तेवढ्यात मेढ्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आली आणि अध्यक्षांचा पृथ्वीराज टाय सावरत खाली उतरला.

कुणी हसलं नाही. हसणार कोण? निम्म्या सभेची पोरं त्याच गाडीत!

११ एप्रिल, शुक्रवार
पटपडताळणी सतरा तारखेला. नेमकी जत्रेच्या मटणाच्या दिवशी! तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांना फोन केला. "मॅडम, तुमची जत्रा शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत नाही." बरोबर आहे. देवानंच वेळेत अर्ज करायला हवा होता.

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळी वर्गात तीन पोरं. बाकीची पाळण्यांपाशी. साहेबांची गाडी घाट चढत असल्याचं कळलं आणि मी भाऊसोंकडं धावले. भाऊसो म्हणाले, "आवं बाई, पोरंच पायजेत न्हवं? समदी मुंबई-पुणं गावात उतरलीया!"

बघता बघता वर्ग गच्च! पाहुण्यांची पोरं — गॉगल, चकचकीत बूट, एकाच्या हातात मोबाईल. भाऊसोंनी दम भरला, "गपगुमान बसायचं. पाळण्याचं पैसं माज्याकडं."

साहेब दारातच थबकले. "पट अकराच ना?"
भाऊसो पुढं झाले, "जूनपास्नं समद्यांचं प्रवेश हाईत सायेब. लय वढा हाय आपल्या शाळंला!"
साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "खरं का, मॅडम?"
मी मान हलवली. कुणी ढकललं नव्हतं. माझी मीच हलवली.

मग साहेबांनी गॉगलवाल्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. पोरगं फडाफडा सुटलं — आवडता विषय रोबोटिक्स! साहेबांचे डोळे पाणावले. "डोंगरात ही प्रगती!" फोटो झाले. त्यानंतर भाऊसोंच्या घरी साहेबांनी 'ड्युटीवर मी खात नाही' म्हणत रस्सा दोनदा वाढून घेतला.

जेवून साहेब शिपायाला घेऊन पायवाटेनं खिंडीपलीकडच्या वाडीवर गेले. तिथली शाळाही आमच्यासारखीच, पट तसाच तोळामासा. कृष्णात गुरुजींनी आपली सात पोरं बसवली होती. असतील तेवढीच. साहेब तिथं पाणी पिऊन लगेच निघाले म्हणे.

लाज वाटतेय. पण सोनिया डोळ्यांपुढं आली की जरा कमी वाटते.

१९ एप्रिल, शनिवार
पाहुणे गेले. पाळणे गेले. वर्गात अकरा.

६ मे, मंगळवार
शाळा राहिली!! 'ग्रामीण गुणवत्तेचा आदर्श' असं छापील शब्दांत. भाऊसोंनी गुलाल उधळला. राहीबाईनं शेंगदाण्याचे लाडू हातावर ठेवले — "सोनी शिकंल आता, बाई." मला रडूच आलं.

आदेशाचं दुसरं पान गुलाल झटकल्यावर वाचलं. खिंडीपलीकडच्या शाळेचं समायोजन आमच्या शाळेत. कारण — 'नजीकची, वाढत्या पटाची, दर्जेदार शाळा.' पोरांना वाहतूक भत्ता मंजूर. खिंडीतून गाडीरस्ता नाही, तो मात्र कुणी मंजूर केलेला नाही!

७ मे, बुधवार
कृष्णात गुरुजींचा फोन. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "बाई, एवढी पोरं कधी आली हो तुमच्याकडं?"
मी म्हटलं, रेंज जातेय. देवळामागच्या टेकाडावर उभी होते!

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. भाऊसोंचे 'जूनपास्नंचे प्रवेश' — एकही नाही. पृथ्वीराज पिवळ्या गाडीतून हात हलवून गेला.

खिंडीपलीकडून चारजणं आली. वाटेत गवे असतात, म्हणून एक आजोबा काठी घेऊन सोबत आले होते. बाकीची तिघं घरीच. तिघीही मुलीच. आजोबा म्हणाले, "येवढ्या रानातनं पोरीस्नी कोण धाडतंय?" मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार होते?

१७ जून, मंगळवार
पलीकडून आलेल्यांत प्रियदर्शनी ही एकटीच मुलगी, चौथीतली. काल आजोबांना सोडून वर्गात आलीच नव्हती; आज दप्तर पोटाशी धरून दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर सगळा वर्ग नजरेखालून घालून म्हणाली, "बाई, ती इंग्रजी बोलणारी पोरं कुटं बसत्यात? गुरुजी म्हणलेत, त्यांच्यातच बस."