भेटीचं रडणं

१७ सप्टेंबर २०१७, यवतमाळ
खोली मिळाली! वरचा मजला, खिडकीशी कडुलिंब, दोन्ही वेळ नळाला पाणी, आणि मी नर्स म्हणून लागले तो दवाखाना हाकेच्या अंतरावर. मालकीण रत्नप्रभाकाकूंनी आल्याआल्या पोहे दिले, मग आडनाव विचारलं. पवार म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. चांगल्या घरच्या दिसता, म्हणाल्या, नाहीतर हल्ली तांड्यावरचे लोकही खोल्या मागून राह्यले. ढाणकीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात घरोघर पवार आहेत, हे त्यांच्या गावीही नाही. मी पोहे संपवले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२१ सप्टेंबर
नाकाशेजारचा गोंदणाचा ठिपका पावडरीखाली झाकून निघते. लहानपणी याडीनं, म्हणजे आईनं, तो मुद्दाम गोंदवून घेतला होता. जिवंत असो की मेलेलं, आपलं माणूस त्यावरून आपल्याला ओळखतं म्हणे. इथे मी तिला 'आई' म्हणायची सवय करतेय. काकू माझ्या बोलण्याचं कौतुक करतात, किती स्वच्छ बोलता म्हणून. मला ते आवडतं, आणि आवडतं याचाच राग येतो.

२६ सप्टेंबर
कपाशीवर फवारताना विष अंगात भिनलेली माणसं येतच आहेत. खाटा पुरत नाहीत. आज बिजलीबाईला आणलं. फवारणाऱ्यांना पाणी वाहून द्यायची. घामानं माझी पावडर उतरली होती. तिनं ठिपका पाहिला, माझा हात घट्ट धरला आणि सुरात रडायला लागली.
आमच्या बायका भेटल्या की अशाच गळ्यात पडून रडतात. समोरचीनं रडूनच जवाब द्यायचा असतो. न देणं म्हणजे तू माझी कोणी नाहीस, असं तोंडावर सांगणं. नेमक्या काकू शेजारच्या खाटेवर भाचीला बघायला आलेल्या. मी हात सोडवला.
"मला तुमची भाषा कळत नाही."
तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळच्या आत ती वारली. आज जेवण गेलं नाही. माझी मलाच लाज वाटते.

२८ सप्टेंबर
सुट्टी. भर दुपारी कपडे वाळत घालत होते. मागच्या जिन्याच्या दाराशी तेच रडणं, तोच सूर. दार उघडलं तर कोणी नाही. पायरी ओली होती. हात लावून वास घेतला. फवारणीच्या औषधाचा.

३० सप्टेंबर
दसरा. काकू आपट्याची पानं घेऊन वर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.
"राखी, तुमच्याकडे कोण रडून राह्यलं? तांड्यावरच्या बाया रडतात तसं."
मोबाईल वाजतोय म्हटलं. मोबाईल माझ्या हातात होता, बंद. त्यांनी तो पाहिला. सोनं न देताच उतरल्या.

२ ऑक्टोबर
याडीला फोन करून सगळं सांगितलं. ती घाबरली नाही, रागावली. बिजलीबाईला जवाब दे म्हणाली, आपल्या बोलीत, सुरात, मोठ्यानं. तो घेतल्याशिवाय ती जायची नाही.
मोठ्यानं म्हणजे खाली ऐकू जाणार. म्हणजे खोली जाणार. उद्या बघू—

३ ऑक्टोबर
रडणं आता दाराच्या आत. पलंगाच्या पायथ्याशी. मला काही दिसत नाही, नुसता वास—
पावडर पुसून आरशात पाहिलं. ठिपका नाही. साबणानं घासलं, कातडी सोलली. नाही. आता मला ओळखणार कोण—

४ ऑक्टोबर
जाऊ दे खोली. काकू जिन्यात आहेत, ऐकू देत. रडणं पुन्हा दाराबाहेर गेलंय. निघून चाललीय की काय— मी जवाब द्यायला तोंड उघडलं. शब्द येईनात. सूरही नाही. जन्मभर कानावर पडलेलं, आणि एक ओळ— फक्त 'याडी ये', अगं आई, एवढंच आलं. एवढंच मोठ्यानं म्हटलं. पुन्हा म्हटलं.
रडणं थांबलं.
दारापलीकडून कोणी बोललं. बिजलीबाई नाही. काकू नाहीत. माझाच आवाज, स्वच्छ, शांत—
मला तुमची भाषा