सात किलोंची इस्त्री आणि माझा गरीब स्वभाव

४ जानेवारी, सकाळी

वही लेकीची जुनी, मागची पानं कोरी होती. चौथीपर्यंत शिकलेय, माझ्यापुरतं पुरतं. वकिलांनी बजावलंय, केसबद्दल कुठे काही लिहायचं नाही. मी केसबद्दल लिहीतच नाहीये. शांत राहायचा सराव करतेय. लिहिलं की राग निवतो म्हणे. मला राग येत नाही, पण असू दे.

झालं ते एवढंच. दीर लॉन्ड्रीत आला. म्हणाला, भाऊ गेला, आता दुकान माझं, किल्ल्या टाक. लेक मध्ये पडली तर तिची वेणी धरून डोकं मशीनच्या दारावर आपटलं. दोनदा. मी इस्त्री उचलली. मग त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, कानशील फाटलं, आणि तीन दात शर्टांच्या गठ्ठ्यात सापडले. पांढऱ्या शर्टांच्या. डाग अजून निघालेले नाहीत.

याला कुणी मारामारी म्हणत नाही.

लेकीचं नाव कोर्टात येता कामा नये. सरकारी वकील तिला उभी करून विचारणार, वेणी कुठे धरली, कशी धरली, तू काय केलं होतंस. नको. पोलिसांना सांगितलं, तो प्यायला होता, जिन्यावरून पडला. लेकीला सांगितलं, तोंड उघडलंस तर थोबाड फोडीन. प्रेमाने सांगितलं.

९ जानेवारी

वकिलांचं ऑफिस. मोठे साहेब दुसऱ्या कोर्टात. ते कायम दुसऱ्याच कोर्टात असतात. केस त्यांच्या ज्युनिअरकडे. एवढीशी पोरगी, चष्मा नाकावरून घसरतो, काळा कोट कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत. आजवर एक सायकलचोर आणि एक खिसेकापू सोडवलाय. म्हणाली, मावशी, एकटीने चालवायची माझी ही पहिली मोठी केस. मला सगळं खरं सांगा. तुम्ही लपवलंत तर मी कोर्टात आंधळी.

मी म्हटलं, तो पडला.

चष्मा वर सरकवून बघत राहिली. मग लिहून घेतलं.

१७ जानेवारी, दुपारी

वकील पोरगी दुकानात आली. टेपने जिना मोजला. अकरा पायऱ्या. मग स्वतः उताणी पडून पाहिलं, माणूस पडला तर डोकं कुठे लागेल. गिऱ्हाईकं कपडे हातात धरून बघत उभी. पोलिसांनी नेली तसलीच दुसरी इस्त्री काट्यावर ठेवली. सात किलो. पोरीने दोन्ही हातांनी उचलली आणि पायावर पडायच्या आत टेकवली. कुठून तरी माझा तीन वर्षांपूर्वीचा डॉक्टरचा कागद शोधून काढलाय. उजवा खांदा आखडलेला, हात छातीच्या वर जात नाही. विचारलं, अजून दुखतो का हो?

म्हटलं, फार.

तिचा चेहरा असा उजळला! म्हणाली, मग तुम्ही मारूच शकत नाही, मावशी!

हुशार आहे. मलाही पटलं.

१८ जानेवारी, सकाळी

आजपासून आवाज चढवायचा नाही. हात उचलायचा नाही, उजवा तर मुळीच नाही.

त्याच दिवशी, अकरा वाजता

साबणवाला ड्रम दारात आडवा टाकून निघाला. कॉलर धरून परत आणला. त्याच्या शर्टाची दोन बटणं गेली, बटणं तशीही कच्च्या दोऱ्याची. ड्रम मीच आत नेला, खांद्यावरून. दुखणं लक्षातच राहिलं नाही. उद्यापासून नक्की.

२ फेब्रुवारी

जामिनाची अट, दिराच्या जवळ जायचं नाही. मी गेलेच नाही. बसस्टॉपवर मी आधीपासून उभी होते, तो आला. जबड्याला तारा, तरी दात काढतो. उरलेले. तारांमधून फसफसत म्हणाला, वहिनी, तू आत गेलीस की दुकान आणि पोरगी दोन्ही मीच सांभाळतो. माझी छत्री मिटलेली होती. तिचं टोक त्याच्या बरगडीत शिरलं. तो पुढे सरकला असणार. माझी छत्री फुकट गेली.

वकील पोरगी अर्धा दिवस पोलिसांपुढे हात जोडत होती, म्हणून जामीन राहिला. बाहेर बाकावर बसून बिस्किट खाता खाता रडायला लागली. म्हणाली, मावशी, मी उलटतपासणीचे एकशे बारा प्रश्न लिहिलेत, चार रंगांच्या पेनांनी. मला निदान ते विचारू तरी द्या!

मी पाठ थोपटली. चष्मा उडाला, एक काच गेली. हल्लीच्या काचा नाजूक.

११ मार्च

ऑफिसात तालीम. पोरगी झाली सरकारी वकील, मी झाले मी. उत्तरं तीनच द्यायची: हो, नाही, आठवत नाही. बोट रोखून ओरडली, मारलंस की नाही? म्हटलं, बोट खाली. पुन्हा ओरडली. स्टेपलर माझ्या हातातून सुटला. तिला लागला नाही. भिंतीवरच्या मोठ्या साहेबांच्या फोटोला लागला, बरोब्बर नाकावर. पोरगी फोटोकडे बघत राहिली, मग हसू दाबायला खाली फाईल शोधू लागली.

शेवटी म्हणाली, मी तुम्हाला साक्षीला उभंच करत नाही. आरोपीला गप्प बसायचा हक्क असतो.

गप्प बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

२४ मार्च, कोर्टाच्या बाहेर, जेवणाची सुट्टी

काय सोललं पोरीने दिराला! चष्म्याच्या काचेला चिकटपट्टी, बाह्या हातावर लोंबतायत, आवाज आधी चिरका निघाला. पण तिसऱ्या प्रश्नाला पोरीला सूर सापडला. किती प्यायला होतात? कितव्या पायरीवर होतात? पायऱ्या किती? तो म्हणाला नऊ. इस्त्री कुठल्या हाताने मारली? उजव्या. कुठवर उचलली? डोक्याच्या वर. पोरगी म्हणाली, नक्की? तो म्हणाला, नक्की. मग तिने डॉक्टरांना विचारलं, असा खांदा असलेली बाई सात किलो डोक्याच्या वर नेईल का? डॉक्टर म्हणाले, शक्य वाटत नाही.

न्यायाधीशबाई मान डोलावत लिहीत होत्या. सुटले! सगळं माझ्या गप्प बसण्यामुळे.

२४ मार्च, संध्याकाळी, कोठडी

वही काढून घ्यायच्या आत लिहिते. माझी चूक नाही.

सुट्टीनंतर पोरीने पोलिसांची इस्त्री मागवली. वजन कळावं म्हणून हवालदाराला उचलायला लावली. एवढा दांडगा माणूस, पण पाय धरून मेलेलं मांजर न्यावं तशी धरली. मी गप्प बसले. मग पोरगी म्हणाली, बाईसाहेब, ही दुबळी विधवा तीन वर्षं इस्त्रीला हातसुद्धा लावू शकलेली नाही. तरी मी गप्प. तेवढ्यात दीर मागून खिदळला. म्हणाला, हिला कधी जमलीच नाही, कॉलरी सगळ्या माझा भाऊच करायचा.

वीस वर्षं. माझ्या नवऱ्याने एक कॉलर केलेली नाही.

मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. हवालदाराला म्हटलं, बाजूला हो, अशी धरतात. एका हाताने घेतली, सरळ डोक्यावर. दीर किंचाळत बाकाच्या मागे पडला, डोकं फुटलं. मी हातही लावला नाही. इस्त्री वर बराच वेळ धरली, कारण सगळं कोर्ट एकदम चिडीचूप झालं आणि मला वाटलं, नीट बघतायत.

पोरीने चष्मा काढला आणि प्रश्नांच्या कागदांची हळूच घडी घातली.

१० एप्रिल

तीन वर्षं शिक्षा. वही परत मिळाली.

वकील पोरगी भेटायला आली. निकाल लागल्यावर लेकीने तिला सगळं सांगितलं. वेणी, मशीन, सगळं. म्हणाली, मावशी, लेकीला वाचवायला मारलं एवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी तेच लढले असते. कदाचित आज घरी असता. मी त्या जिन्यावर झोपले हो तुमच्यासाठी!

म्हटलं, वकिलाला स्वतःहून ओळखायला नको?

तिने वरच्या कोर्टात जायचे कागद पुढे केले, सही कुठे ते दाखवलं. पेन जरा जोरात टेकलं, कागद फाटला. तिने पिशवीतून दुसरा काढला. दोन जादा आणले होते.

२ मे, भेटीचा दिवस

लेक आली. दीर त्या दिवसापासून दुकानाच्या रस्त्यालाही फिरकत नाही. म्हटलं ना, काहीतरी कमावलंच मी! मग विचारलं, एकटीला झेपतं का गं, गिऱ्हाईक तुटलं असेल ना? म्हणाली, नाही आई, वाढलंय. लोक म्हणतात, आता डाग राहिला तर सांगायला भीती वाटत नाही. मीही कपड्यांच्या घड्या घालताना गाणं म्हणते हल्ली. घर कसं शांत वाटतं.

मग पटकन म्हणाली, म्हणजे, तुझी आठवण येतेच.

आमच्यामध्ये लोखंडी जाळी होती, ती माझ्या हातात वाकली. आधीपासूनच सैल असणार.