भटारखान्यामागची कबर

॥ श्री ॥
शारजा, ५ मार्च १९९४

ती. गणूकाकांस धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

काका, तुम्ही बारा वर्षं ज्यांच्यासाठी रांधलंत, त्या गोऱ्यांचा लष्करी कॅम्प पाडायचं काम आमच्याच कंपनीला मिळालंय. बराकींची छपरं उडालीत, परेडच्या मैदानात आमचे ट्रक आणि ऑफिसर्स मेसमध्ये बकऱ्या. भटारखान्यामागे मात्र चुन्याचे थर चढलेला एक चौकोनी ओटा शाबूत आहे. इंजिनियरसाहेब म्हणतात, सोल्जरची कबर. वकिलातीचा कागद येईपर्यंत डोझर बंद. मला तर त्यात पणतीचा कोनाडा दिसला. खरं काय ते कळवा.

काकूंना नमस्कार, पत्राची वाट बघतोय.
तुमचा धनंजय

गुहागर, २४ मार्च

चि. धनंजय यास अनेक आशीर्वाद.

अरे, कबर कसली, ते माझं तुळशीवृंदावन! तुळस तुझ्या काकूने डालड्याच्या डब्यातून पाठवली होती. एकदा मी हात जोडून उभा असताना मेजरने विचारलं, हे कुणाचं? न विचारता बांधलेलं, त्यात माझं इंग्रजी अर्धवट. मी नुसती मान खाली घातली. तो समजला, आत कुणी झोपलंय. टोपी काढली आणि दर गुरुवारी चुना मारायचा हुकूम सोडला. पुढे येणारा प्रत्येक साहेब सलाम ठोकायचा. मी हसू दाबत फोडणी द्यायचो.

मग पलटणी घटत गेल्या. तीनशे पानांचा स्वयंपाक अकरांवर आला. एकाहत्तरच्या डिसेंबरात निशाण उतरलं, तेव्हा शेवटच्या सार्जंटने जाताना स्वतः चुना मारला. आणि मी, घाईत, तुळशीला पाणी न घालताच ट्रकमध्ये बसलो. बावीस वर्षं ते मनाला लागून राहिलंय. काकूलाही बोललो नाही.

ओटा राहावा असं फार वाटतं रे. पण खोट्यावर किती उभा ठेवायचा? साहेबांना खरं सांग. पाडण्याआधी एक तांब्या पाणी घाल.

जेवणखाण वेळेवर कर.
तुझा काका

शारजा, २२ एप्रिल

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

खरं सांगितलं. साहेब चहा सांडेपर्यंत हसले, मग म्हणाले, "खलास. तोड दो."

पण आमचा फोरमन, दापोलीचा मोहिद्दीन, आडवा आला. म्हणाला, "गोऱ्यांनी इतकी वर्षं मान राखला, आणि आपण डोझर घालायचा?" त्याने एकेक दगड हाताने सोडवला, पिकअपमध्ये घातला आणि आमच्या खोल्यांसमोर, नळाशेजारी, तसाच ओटा रचून दिला. देरा भागात राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या रुपालीवहिनींनी तुळशीचं रोप दिलं. तुमच्या नावाचा तांब्या पहिला घातला. काकूंना आता सांगून टाका.

काल गुरुवार होता. कामावरून आलो तर मोहिद्दीन ओट्याशी बसून चुना मारत होता. गुरुवारच्या हुकमाचं मी त्याला सांगितलं नव्हतं; दगडांवरचे थर बघून चुना त्यानेच ठरवला, वार आपसूक जुळला.

लोभ आहेच, तो ओट्यावरही असू द्या.
तुमचा धनंजय