कातळावरचा वाफा

मुळशी,
ऋषिपंचमीचा दुसरा दिवस, १९५८

प्रिय जया,

आपल्या गाडीवान भिवाजीकरवी तू 'बरी हाय' एवढाच निरोप धाडलास. पण तुझ्या मनगटावरचा डागणीचा व्रण त्याला दिसलाच. दिवाळीत आलीस तेव्हाच मला सगळं समजलं होतं गं. तेव्हा कुशाबाकाकानं तुझ्यासमोर विचारलं, "पोरगी परत आली तर तिला काय दगड खाऊ घालनार?" मी गप्प राहिले आणि तू दुसऱ्या दिवशी सासरी निघून गेलीस. ते गप्प राहणं मला अजून खातंय.

दगडच होता ना माझ्या वाट्याला! तुझे आबा गेले आणि काकानं वाटणीत घरामागच्या परड्यातला उघडा कातळ दाखवला, म्हणाला, हा तुमचा. बरं, म्हटलं. चैत्रात सगळे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी, पालापाचोळा जाळत होते, तेव्हा त्यांनी टाकलेलं मी उचललं. आंब्याचे कुजके ओंडके तळाला घातले, वर कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या, केळीचे बुंधे, वेलांचा गुंता, पाला, शेण. कमरेइतका ढीग झाला. काका हसला, "वैनी, सरन रचताय व्हय?" मी म्हटलं, "व्हय, तुमच्या बोलन्याचं!"

आणि माती कुठली, सांगू? वैशाखात धरणाचं पाणी ओसरलं आणि तुझ्या आज्याचं धरणात बुडालेलं भातखाचर उघडं पडलं. तिथला गाळ पाटी-पाटीनं डोक्यावरून आणला. मान आखडली, पण आणला आणि ढिगावर पसरून वाफा केला.

यंदा पावसानं साऱ्या आळीची परडी कुजली. माझा वाफा निम्मा खचला, पण उंचावर होता म्हणून तगला. भोपळा, काकडी, भेंडी, अळू, बघशील तर थक्क होशील! काल ऋषिपंचमी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि हातानं पिकवलेली भाजी माझ्याकडेच. तुझी धोंडाबाईकाकू सूप घेऊन दारात, मागं काका. मी सूप भरून दिलं आणि म्हटलं, "घ्या भाऊजी, दगडाचीच हाय." खाली बघत गेला. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तर जया, तू ये. सोमवारी भिवाजी गाडी जुंपून मारुंजीला तुझ्या सासरच्या दारात येईल. भांडीकुंडी राहू देत, तुझ्या पोरीला उचल आणि गाडीत बस. कोणी अडवलं तर सांग, आईनं बोलावलंय. वाफ्याची उगवतीकडची बाजू मी मोकळी ठेवली आहे, तिथं पावटा तुझ्या हातानं लावायचा. आणि काकानं पुन्हा तोंड उघडलं, तर या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुझीच,
आई