काळ्या चष्म्यातली विहीर

३ फेब्रु.
परदेशातल्या डायव्हिंग संस्थेचा मेल आला. मे महिन्यातल्या गुहा-डायव्हिंगच्या बॅचला पुन्हा अर्ज करू शकते, म्हणे. 'मानसिक तयारी असेल तरच.' नोव्हेंबरात पाण्याखालच्या गुहेत त्यांनी सरावासाठी दिवे घालवले आणि मी वाट दाखवणारी दोरी सोडली. चारच सेकंद. प्रशिक्षकाने दंडाला धरून बाहेर काढलं. त्याने त्याच्या वहीत शेरा लिहिला, 'घाबरते.'
हो, घाबरते. पुढे?

५ फेब्रु.
शाळेत शिकवून झाल्यावर थेट श्रीगोंद्याला, माहेरी. आप्पांनी उभी हयात विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी बुडी मारून काढल्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "भ्या वाटतं का?"
"वाटतं."
"मग बरं हाय. रविवारी ये."

९ फेब्रु. रवि.
विहिरीत कडेकडेने नायलॉनची दोरी बांधली. पोहायच्या चष्म्याला काळी चिकटपट्टी, तोंडात नळी, कमरेला दोर. दुसरं टोक पायरीवर बसलेल्या आप्पांच्या हातात. निम्म्या फेरीत पंपाच्या पाइपला हात अडकला, दोरी सुटली. चष्मा उपटून वर.
शेजारचे तात्या बांधावरून, "लेकीला आवर की आता!"
लेक छत्तीस वर्षांची आहे, तात्या.

१६ फेब्रु.
तीनदा उतरले, तीनदा वर. तिसऱ्यांदा पायरीवर बसून रडले. रागाने. आप्पा ओला दोर गुंडाळत बसले. मग म्हणाले, "कर्जतकडं येकदा मोटार खालीच सोडून वर आल्तो. दम पुरंना. मालकानं लई शिव्या घातल्या."
"मग?"
"मग काय. ऐकल्या. ऐकायला जित्ता हुतो."
हे आजवर कधीच सांगितलं नव्हतं त्यांनी.

१९ फेब्रु.
नवरा, विलास, जेवताना, "नाही झाला कोर्स तर काय बिघडलं?"
म्हटलं, काहीच नाही. तरी जाणार. तो हसला नाही. भाजी वाढली.

२ मार्च
पाइप आला. थांबले. दोरीवरची मूठ घट्ट. दहा श्वास मोजले, सावकाश. भीती गेली नाही, शेजारीच होती. पाइपच्या वरून हात नेला, पलीकडची दोरी लागली. फेरी पूर्ण. आप्पा, "पुन्यांदा." पुन्हा पूर्ण!! तिसरीला निम्म्यात माघारी फिरावंसं वाटलं, तेव्हा आपणहून वर आले. आप्पांनी टॉवेल पुढे केला.

४ मार्च
अर्ज भरला. प्रश्न : भीती वाटली तर काय कराल? गेल्या खेपेला लिहिलं होतं, 'वाटणार नाही.' खोटं. आता : 'वाटेल. दोरी सोडणार नाही. माघारी फिरावंसं वाटलं तर फिरेन, आणि त्याची लाज बाळगणार नाही.'
आणीबाणीत कुणाला कळवायचं? विलासचं नाव टाकलं. तो मागून वाचत होता. "आप्पांचाही नंबर टाक. मला तर पोहता येत नाही."
टाकला. पाठवला.

५ मार्च
उत्तर नाही. मुख्याध्यापकांकडे मे महिन्यात परदेशी जायच्या परवानगीचा अर्ज दिला. "बोलावणं आलं का?"
"नाही अजून."
"मग एवढ्यात कशाला?"
म्हटलं, सही करा सर.