उपाशी वाटी

बुधवार, दिवेलागण

चौथ्या वाटीत बुरशी वाढलीच कशी? कॉलेजात फार तापतं, म्हणून तळ्यातल्या बुरशीच्या काचेच्या वाट्या घरी माठाशेजारी ठेवल्या. चारहींत बुरशी सारखीच सोडली. तीन वाट्यांत खायला उकडलेले तीळ, चौथीत नुसतं पाणी. तिथं ती वाढायलाच नको होती, आणि पांढरे धागे तिथंच सगळ्यांत दाट. पाणीही जरा गढूळ. उद्या सरांना दाखवायचंय. माझंच काही चुकलं का?

शेवटी आईला विचारलं, चौथ्या वाटीला हात लावला का.

"हव. तिले एकटीलेच उपाशी काहून ठेवलं? चमचाभर पेज टाकली."

चौथी वाटी गेली. बाकीच्या तिघींचं विचारायची हिंमत होऊन नाही राहिली.